तीस गुणांची परीक्षा

मधुमेह म्हटले की डोळे, मूत्रपिंड आणि पाय आठवतात. मेंदू क्वचितच आठवतो. वास्तविक रॉटरडॅम येथील वृद्धांच्या पाहणीत (१९९९) मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळला होता. तेव्हा वयस्क मधुमेहींची स्मरणशक्ती व आकलन तपासणे योग्यच. प्रश्न आहे तो मोजपट्टीचा.

फोल्स्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार केलेली ३० गुणांची चाचणी जगभर वापरली गेली. सहसा २४ पेक्षा कमी गुण मिळाले की शंका घेतात. तिच्यातले प्रश्न पाहा: १०० मधून ७ वजा करीत जाणे (५ गुण), लिहिलेली सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे, एकमेकांत गुंतलेले पंचकोन पाहून काढणे (प्रत्येकी १ गुण). आता मोताळ्याकडच्या, शाळेची पायरी न चढलेल्या, पण कापूस वेचणीचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या एखाद्या आजीचा विचार करा. हे ८ गुण गेले, तर बाकी सारी उत्तरे अचूक येऊनही बेरीज २२! तारखेऐवजी तिथी सांगितली, तर आणखी एक गुण गेला. यात दोष मेंदूचा की प्रश्नपत्रिकेचा?

उलट निवृत्त गुरुजी २८ गुण सहज मिळवतील. मधुमेहात बहुधा विचारांचा वेग आणि कामाची आखणी यांवर आधी परिणाम होतो, आणि नेमके तेच ही चाचणी फारसे तपासत नाही.

गांगुली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. तीत वाचण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करायची, लिहिण्याऐवजी घराविषयी एक वाक्य बोलायचे. निव्वळ भाषांतर पुरत नाही, हे त्यांनी ओळखले. वेगाची उणीव मात्र त्यानेही भरत नाही.

चुकीच्या निदानाची किंमत मोठी आहे. गुरुजींची घसरण लक्षात आली नाही आणि घेतलेले इन्सुलिन विसरून त्यांनी पुन्हा टोचले, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. आजीवर ‘म्हातारचळ’ असा शिक्का बसला, तर पुढचा शोध थांबतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. त्यानेही विसराळूपणा येतो, पण ही उणीव भरून काढता येते.

म्हणून केवळ गुणांवर विसंबू नये. औषधाची वेळ, बाजाराचा हिशेब, ओळखीची वाट यांत गेल्या वर्षभरात काय बदलले, हे घरच्यांना विचारावे आणि ते डॉक्टरांना सांगावे. विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच मागील प्रगतीशी करावी, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको.