तळ्यातला दगड आणि पुस्तकातली वर्तुळे

तरंगांचा पाठ आला की तळ्यात टाकलेल्या दगडाचे चित्र हमखास येते. समान अंतरावरची वर्तुळे, शेजारी वेग, वारंवारिता व तरंगलांबी यांचे सूत्र, आणि 'वेग माध्यमावर ठरतो' हे वाक्य. सूत्र बरोबर आहे. वाक्य हवेतल्या ध्वनीला लागू पडते. पण चित्र पाण्याचे आहे आणि पाण्याच्या लाटा तशा वागत नाहीत, हा आमचा आक्षेप.

मुलचेऱ्याच्या विद्यार्थ्याला हे पडताळायला प्रयोगशाळा नको. जवळची बोडी पुरे. मोठासा दगड खोल पाण्यात टाकावा आणि काठावरून एकाच लाटेवर नजर ठेवावी. ती लाटांच्या पट्ट्याच्या आतल्या कडेला उगवते, पट्टा ओलांडते आणि बाहेरच्या कडेला विरते. खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने धावते. (सुमारे १.७ सेंटिमीटरहून आखूड तरंगांत पृष्ठताणामुळे उलटे घडते.) त्यामुळे लाटांचा समूह, आणि त्याबरोबर ऊर्जा, एकेका लाटेच्या निम्म्या वेगाने सरकते. हे अपस्करण चित्रात दिसतच नाही.

याने बिघडते काय? पुढच्या विषयाची वाटच बंद होते. उंच लाट थोडी अधिक वेगाने जाते. एकसारख्या लाटांच्या रांगेत एखादा भाग किंचित उंच झाला, तर तिथल्या लाटा पुढच्या लाटांना दाटतात, मागच्यांपासून दुरावतात. पुढे तरंगलांबी घटते, मागे वाढते. मागच्या लांब लाटांची ऊर्जा लवकर येते, पुढच्या आखूड लाटांची सावकाश निघते. ऊर्जा मध्ये साचते. उंच भाग अधिकच उंच होतो. खोल पाण्यातली नियमित रांग अशी आपोआप विस्कटते, हे ब्रुक बेंजामिन व फेअर यांनी १९६७ साली गणिताने आणि टाकीतल्या प्रयोगांनी दाखवले. पाण्याची खोली तरंगलांबीच्या सुमारे २२ टक्क्यांहून कमी असेल, तर हे अस्थैर्य उद्भवत नाही. समुद्रातल्या अवचित राक्षसी लाटांच्या संभाव्य कारणांत त्याची गणना होते; ऑप्टिकल फायबरमधल्या प्रकाशालाही असेच गणित लागू पडते.

बोडीतल्या लाटा लहान, अंतरही थोडे. तिथे रांग मोडताना दिसणार नाही. पण त्यामागचे अर्धे कारण, अपस्करण, नक्की दिसेल. हे गणित शाळेत शिकवावे, असे आम्ही म्हणत नाही. 'पाण्यावर लाटेचा वेग तिच्या लांबीवरही अवलंबून असतो' एवढी एक ओळ चित्राखाली घालावी. आणि असमान अंतराची वर्तुळे काढणाऱ्याचे गुण कापण्यापूर्वी शिक्षकांनी एकदा वर्ग घेऊन बोडीवर जावे.