नाथमाधव : सिंहगडाच्या कड्यापलीकडे

द्वारकानाथ माधवराव पितळे ऊर्फ नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्यावरचा लेख सिंहगडाशिवाय पुरा होत नाही. १९०५ साली शिकारीला गेलेला हा तरुण कड्यावरून कोसळला, कमरेखालचे अंग लुळे पडले आणि पुढचे सारे लेखन त्याने त्याच अवस्थेत केले. हकीकत खरी आहे. पण तिने लेखकावर उपकार केले की अन्याय, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

मी साहित्याचा रीतसर विद्यार्थी नव्हे. ‘वीरधवल’ (१९१३) शाळकरी वयात वाचली, तीही पाने निखळलेल्या प्रतीतून. ज्याला चालता येत नव्हते त्याने भुयारे, तट आणि भरधाव घोडे रंगवून मनाची भूक भागवली, असे पुढे मीही सांगत सुटलो. आज ते विधान आळशीपणाचे वाटते. वेषांतरे, गुप्त वाटा, हरवलेले वारस हा रेनॉल्ड्स वाचून घडलेल्या त्या पिढीचा समाईक ऐवज होता. धडधाकट लेखकही तोच वापरत होते.

नाथमाधवांचे वेगळेपण शोधायचे तर स्वराज्यमालेकडे वळावे लागते. नुसती शीर्षके पाहा : श्रीगणेशा, स्थापना, कारभार, संकट आणि दुफळी. निव्वळ पराक्रम गाणारा लेखक ‘कारभार’ हा शब्द मुखपृष्ठावर कशाला घालील? आणि ‘दुफळी’पर्यंत कशाला जाईल? या कादंबऱ्या १९२०च्या दशकातल्या आहेत. टिळक नुकतेच गेले होते, ‘स्वराज्य’ हा शब्द घरोघर होता. राज्य मिळवणे, चालवणे आणि आपसांत फुटून गमावणे, हा हिशेब रंजनाच्या वेष्टनातून सामान्य वाचकाच्या हाती पडत होता.

त्यांचे दोष झाकायचे कारण नाही. नायक निष्कलंक, खलनायक काळेकुट्ट. योगायोग तर पानोपानी. हरिभाऊ आपट्यांच्या माणसांची खोली इथे नाही. पण ‘बिचाऱ्याने अंथरुणात लिहिले’ म्हणून हे दोष माफ करणे म्हणजे त्यांना लेखक म्हणून नाकारणेच. ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरीही याच हातची आहे, याचा मग विसर पडतो.

नाथमाधवांना आपली कीव नको आहे. त्यांना वाचक हवा आहे, आणि दोष दाखवणारा असला तरी चालेल.