पाणी देणारे हात, पाणी घेणारे हात

आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव करीत फलटणला येते, तेव्हा सारे गाव तिच्या स्वागताला लोटते. मुले तांबे-पेले घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि येईल त्या वारकऱ्याची तहान भागवतात. कुणी कुणाची जात विचारीत नाही. पालखी पुढे बरडकडे निघून जाते आणि पेले पुन्हा फडताळात जाऊन बसतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला पाणी कोणत्या पेल्यातून दिले जाते? आणि तिच्या दारी गेलेले आपले मूल तिच्या हातचे पाणी पिते काय?

करुणा आणि न्याय हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो आणि बहुधा एकाच अर्थाने वापरतो. ख्रिस्ती कुटुंबातील संस्कारांविषयी लिहिताना तर हा घोटाळा विशेषच होतो. या दोहोंतील अंतर ताडून पाहण्यासाठी दोन मराठी पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे सुचवावेसे वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ साली वाचकांपुढे आली. एक ख्रिस्ती घराची कथा, दुसरी कोकणातल्या ब्राह्मण घराची. दोन्हींच्या केंद्रस्थानी एक आई आहे आणि तिच्याकडे पाहणारे मूल आहे.

'श्यामची आई'मधील मोळीचा प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात असेल. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडते. तिला ती उचलवत नाही आणि स्पृश्यांपैकी कुणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळाच्या मानाने ही आज्ञा धीराचीच होती. तिच्यामुळे झालेली लोकनिंदाही त्या घराने सोसली. परंतु आजच्या वाचकाची नजर त्या आंघोळीवर अडखळल्यावाचून राहत नाही. मोळी उचलताना करुणा उंबरठा ओलांडून गेली. आंघोळीच्या वेळी रूढीने तिला पुन्हा उंबरठ्याच्या आत घेतले. म्हातारीचे ओझे हलके झाले, तिचे अस्पृश्यपण मात्र जिथल्या तिथे राहिले. साने गुरुजींचे मोठेपण असे की, आईने दिलेला संस्कार त्यांनी तेथेच थांबू दिला नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. आईच्या करुणेला न्यायाचे रूप यायला मुलाचे आयुष्य खर्ची पडावे लागले.

'स्मृतिचित्रे'तील आईचा प्रवास निराळा आहे. लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याने झपाटलेले होते. बाहेरून आलेली वस्तू पाण्याने शुद्ध केल्यावाचून वडिलांना घरात चालत नसे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पुढील काही वर्षे लहान दत्तूला घेऊन त्या पतीपासून दूर राहिल्या. मग पतीजवळ राहायला आल्या, पण सोवळे सोडले नव्हते. पुढे राहुरीस असताना त्यांच्या मनाने हा प्रश्न मुळापासून तपासला. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, असा निर्णय झाला आणि कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे जातीचे बंधन आधी तुटले, संस्कार नंतर झाला. हा क्रम फार अर्थपूर्ण आहे.

शोमरोनी स्त्रीचा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत 'जिवंत पाणी' या शब्दांवर पुष्कळ विवेचन होते. पण त्या प्रसंगाचा आरंभ आपण घाईने ओलांडतो. विहिरीवर आलेला प्रभू येशू आधी त्या स्त्रीजवळ पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावे याचे आश्चर्य तिलाच वाटते. पाणी देणाऱ्याचा हात वर असतो आणि देण्याने त्याचे स्थान ढळत नाही. घेणाऱ्याला मात्र आपले स्थान सोडावे लागते. राहुरीस लक्ष्मीबाईंनी जे केले, ते या विहिरीवरच्या कृतीच्या जातीचे आहे. म्हणूनच त्याला दयेपेक्षा न्याय हे नाव अधिक शोभते.

या ग्रंथाचे दुसरे मोठेपण असे की, त्यात कुणीही घडीव संत नाही. टिळकांचे अंतःकरण लोण्यासारखे होते. अनाथ मुलांना, निराधारांना त्यांच्या घराचे दार नेहमी उघडे असे. अहमदनगरला बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे वावरले. परंतु या औदार्याचा जमाखर्च कोणी सांभाळला? पैसा हाती न राहू देणारा, न सांगता पाहुणे आणणारा, रागाच्या भरात घर सोडून जाणारा नवरा आणि मागे चूल पेटती ठेवणारी बायको, हे चित्र लक्ष्मीबाईंनी हसत हसत रेखाटले आहे. त्या हसण्याखालचा हिशेब समीक्षकांनी पुरेसा मांडलेला नाही. जगावर करुणा करणारा पुरुष घरातल्या स्त्रीच्या वाट्याला अन्याय ठेवू शकतो, ही गोष्ट त्या घरातली मुले पाहतच होती. आणि पत्नीच्या शहाणपणापुढे टिळक हळूहळू नमते कसे घेऊ लागले, हेही ती पाहत होती. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हा त्या अनिश्चित संसारात लक्ष्मीबाई त्यांच्या बरोबरीच्या सहप्रवासी होत्या. स्वतः बदलणारे आईबाप मुलाच्या डोळ्यांसमोर असणे, यापेक्षा मोठे धर्मशिक्षण कोणते?

येथे टिळकांच्याच एका कवितेचा विचार करणे प्राप्त आहे. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचली. घायाळ पक्षीण पडत-झडत घरट्याशी येते आणि पिलांना चारा देऊन प्राण सोडते. मुलांचे डोळे ओले करण्याचे तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पण ही कविता शिकवताना आपण बहुतेक वेळा त्या अश्रूंपाशी थांबतो. घाव घालणारा हात कुणाचा, त्याला हा अधिकार कुणी दिला, असे मुलाला विचारू देत नाही. आपल्या ख्रिस्ती बालकथांचेही तेच आहे. नाताळच्या रात्री एक शहाणे मूल भिकाऱ्याला आपला कोट देते आणि गोष्ट संपते. भिकाऱ्याला नाव नसते, त्याच्या थंडीला कारण नसते, आणि त्याने त्या मुलाला काही द्यावे अशी शक्यताही लेखकाच्या मनात येत नाही. अशा कथांतून मूल दाता व्हायला शिकते, शेजारी व्हायला शिकत नाही.

फलटणला १९८६ पासून कमला निंबकर बालभवन ही शाळा चालत आली आहे. समाजाच्या निरनिराळ्या स्तरांतील मुले एका वर्गात बसून मराठीतून शिकावीत हा तिचा आग्रह. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेचे हे काम. अमेरिकेतून येऊन त्या फलटणच्याच झाल्या, आणि ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन होत्या. एका बाकावर बसवण्याचे काम शाळा करू शकते. पण शाळा सुटल्यावर मूल घरी जाते. बाकावरच्या मित्राला घरी जेवायला आणता येते की नाही, हे घर ठरवते.

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी काढलेल्या पत्रात मुलांच्या संगोपनासंबंधी न्यायाची जाणीव आणि प्रेमाची जाणीव यांचा जोडीने उल्लेख केला आहे. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेही ख्रिस्तसभेत शिरलेल्या जातिभेदाची दखल घेऊनच. पत्रे आणि धोरणे आवश्यक असतात. मात्र ती मुलाच्या वाचनात येत नाहीत. मूल वाचते ते घरातले फडताळ : कुणाचा पेला वेगळा ठेवला आहे, सोयरीक जुळवताना कोणता प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो, कामवालीच्या सुट्टीचा पगार कापला जातो की नाही.

'स्मृतिचित्रे' आपल्या घराघरांतून असायला हवे, असे आपण म्हणतो. ते भक्तिभावाने जपून ठेवण्याचे पुस्तक नव्हे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर त्यातील एखादे प्रकरण मुलांसमवेत मोठ्याने वाचावे. मुले हसतील, मग प्रश्न विचारतील. त्यांतले काही प्रश्न आपल्या घराविषयी असतील. त्यांची खरी उत्तरे देण्याची तयारी असेल, तरच वाचायला बसावे.