‘गांभीर्य’ : एका समीक्षापदाचा अर्थविचार

मराठी समीक्षेत ‘गंभीर’ हे विशेषण इतक्या सहजपणे योजले जाते की, त्याचा अर्थ निश्चित आहे असा समज व्हावा. गंभीर नाटक, गंभीर लेखक, गंभीर वाचक. आणि व्यवहारात गंभीर दुखणेही. शब्द एक असला तरी अर्थ एक नाही.

संस्कृतात ‘गंभीर’ म्हणजे खोल. पाणी गंभीर असते, मेघाचा ध्वनीही गंभीर असतो. नाट्यशास्त्राने नायकाच्या आठ सात्त्विक गुणांत गांभीर्याची गणना केली आहे. ज्याच्या प्रभावाने क्रोध, हर्ष, भय यांचे विकार मुद्रेवर उमटत नाहीत, तो हा गुण. साहित्यदर्पणात विश्वनाथाने उदाहरण दिले आहे ते रामाचे : अभिषेकासाठी बोलावणे आले तेव्हा आणि वनात धाडले गेले तेव्हा त्याची चर्या तीच राहिली. येथे गांभीर्य हा पात्राचा धर्म आहे, कलाकृतीचा नव्हे. आणि त्याचा विरोध उथळपणाशी आहे, हास्याशी नाही. पदोपदी अश्रू ढाळणारे नाटक आपण ‘गंभीर’ म्हणून गौरवितो, ते या लक्षणात मुळीच बसत नाही.

हास्याशी विरोध आला तो निराळ्या वाटेने. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेतील कृतीला ‘स्पूदाइओस’ म्हटले आणि इतिहासाहून काव्य या गुणाने वरचढ ठरविले. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी त्वरा, उत्साह, मन लावून केलेला यत्न हे अर्थ आहेत. खोलीची प्रतिमा त्यात नाही. मॅथ्यू अर्नोल्डने १८८० मध्ये त्यावरूनच ‘उच्च गांभीर्या’ची कसोटी सिद्ध केली आणि चॉसरची थोरवी मान्य करूनही त्याला पहिल्या पंक्तीतले स्थान नाकारले. ही कसोटी इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासातून मराठीत आली. तिला ‘गांभीर्य’ हे नाव मिळाले आणि दोन परंपरांचे अर्थ एकात मिसळले.

या मिश्रणाची झळ विनोदी वाङ्मयाला लागली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा रूढींची बाजू घेत असल्याचा आव आणतो आणि त्यांचे हास्यास्पद स्वरूप उघडे करतो. लेखकाचा संताप त्याच्या मुद्रेवर उमटत नाही. भरताच्या अर्थाने पाहिले तर हे गांभीर्याच्या अगदी निकट आहे. आणि समाजसुधारणेविषयीचा मनःपूर्वक यत्न पाहिला तर ॲरिस्टॉटलच्या शब्दालाही ते परके नाही. अशा लेखनाला ‘विनोदी, परंतु गंभीर’ असे म्हणण्याची प्रथा आहे. त्यातील ‘परंतु’ला आधार कोणता, हे मात्र कोणी सांगत नाही. सर्वच विनोद असा असतो असे नव्हे. केवळ कोट्यांवर जगणारा विनोद उथळच म्हणावा लागेल.

‘स्पूदाइओस’साठी मराठीत ‘आस्था’ हा शब्द अधिक जवळचा ठरेल. मात्र ‘आस्थेवाईक’ हे विशेषण माणसाला शोभते, नाटकाला किंवा कवितेला लावता येत नाही, ही अडचण उरतेच.