फॉरमॅट मारणे : एका लोकप्रिय उपायाची चिकित्सा

भडगाव, पाचोरा, चाळीसगाव यांपैकी कोणत्याही गावी शाळेचा संगणक सुरू होईनासा झाला, की तो दुरुस्तीच्या दुकानात जातो. तेथे बहुधा एकच निदान ऐकावयास मिळते : ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल.’ पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘सर, डेटा सीमध्ये आहे की डीमध्ये?’ सरांनी ‘डीमध्ये’ म्हटले की सगळेच निर्धास्त होतात. तास-दोन तासांत संगणक नव्यासारखा चालू लागतो आणि उपाय लागू पडला असे आपण समजतो. हा उपाय इतका अंगवळणी पडला आहे, की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. ही तपासणी येथे करावयाची आहे.

फॉरमॅटने नेमके काय होते?

संगणकाची डिस्क म्हणजे एक ग्रंथालय आहे असे समजू. पुस्तके कपाटांत आहेत आणि कोणते पुस्तक कोठे आहे हे एका नोंदवहीत लिहिलेले आहे. नेहमीचे झटपट फॉरमॅट म्हणजे ही नोंदवही फाडून तिच्या जागी कोरी वही ठेवणे. पुस्तके लगेच नाहीशी होत नाहीत. पण आता ती कोणाच्या मालकीची नाहीत. नवी कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बसविताना त्यांच्याच जागांवर नवी पुस्तके रचली जातात. म्हणून जुन्या चुंबकीय हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही काही फाइली परत मिळू शकतात. मात्र डिस्कवर पुढे काहीही लिहिलेले नसावे. नव्या एसएसडीवर हीही आशा फारशी उरत नाही. कारण मोकळ्या ठरविलेल्या जागा ती लवकरच स्वतःहून पुसून टाकते.

सी ड्राइव्हमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिली, कार्यप्रणाली. दुसरी, आपण बसविलेले प्रोग्रॅम, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि फॉन्ट. तिसरी, आपले स्वतःचे काम. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही साधारणतः सीमध्येच असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. यांपैकी पहिली गोष्ट जगात सर्वत्र एकसारखी आहे. मायक्रोसॉफ्ट ती आपल्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊ देते आणि अधिकृत डिजिटल परवाना असलेल्या संगणकावर ती पुन्हा बसविली, तर सामान्यतः परवाना आपोआप ओळखला जातो. तिसरी गोष्ट मात्र जगात एकाच ठिकाणी आहे. सहज मिळणारे आणि कधीच न मिळणारे या दोहोंना फॉरमॅट एकाच मापाने मोजते, हा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

दुसऱ्या प्रकाराचा फटका मराठी शाळांना वेगळ्या रीतीने बसतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये टंकलेली पत्रके प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांतच साठविलेली असतात. देवनागरीचे रूप त्यांना फक्त फॉन्ट देतो. फॉरमॅटबरोबर तो फॉन्ट गेला, की वाचलेली फाइलसुद्धा अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन उघडते. डेटा वाचला, पण मजकूर हरवला! ज्यांच्याकडे अशी जुनी पत्रके आहेत त्यांनी फॉन्टची प्रतही जपून ठेवावी आणि पुढचे काम युनिकोडमध्ये करावे.

निदानावाचून उपचार

संगणक सुरू न होण्याची कारणे अनेक असू शकतात : मेमरीचा सैल झालेला सांधा, बिघडू लागलेली डिस्क, फसलेले अपडेट, व्हायरस किंवा अचानक गेलेली वीज. खानदेशात हे शेवटचे कारण समजावून सांगावे लागत नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था आपल्या रचनेतील बदलांचा रोजनामा ठेवते. त्यामुळे वीज मध्येच गेली तरी पुढच्या वेळी सुरू होताना ती आपली रचना बहुधा सावरून घेते. अर्धवट लिहिलेल्या मजकुराची हमी मात्र ती देत नाही. अशा वेळी पुष्कळदा विंडोजमधील दुरुस्तीची सोय पुरेशी ठरते. उलट दोष डिस्कचाच असेल, तर मरू घातलेल्या डिस्कवर कित्येक गिगाबाइट नव्याने लिहिणे म्हणजे तिच्यावरील माहिती वाचविण्याची शेवटची संधी दवडणे होय. एकच औषध दोन्ही रोगांवर देता येत नाही.

याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विंडोज ‘उडाली’ असे त्या दिवशी लाखो ठिकाणी म्हणता आले असते. परंतु दोष कोठे आहे हे कळल्यावर उपाय निघाला तो एवढाच : संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावयाचा, ती एक फाइल काढावयाची आणि संगणक पुन्हा चालू करावयाचा. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप होते त्यांना त्याआधी ४८ अंकी किल्ली द्यावी लागली आणि ती जपून न ठेवलेले खोळंबले. अनेक नव्या संगणकांत असे कुलूप आपोआप लागलेले असते. म्हणून ती किल्ली आजच कागदावर लिहून कपाटात ठेवणे शहाणपणाचे.

‘डीमध्ये आहे’ याचा अर्थ

सी आणि डी ही पुष्कळदा एकाच डिस्कची दोन दालने असतात. मधली भिंत कागदावरची आहे. फॉरमॅटपुरते डी सुरक्षित असते हे खरे. पण डिस्क बिघडली, चोरीस गेली किंवा खंडणीखोर व्हायरस शिरला, तर दोन्ही दालने बरोबरच जातात. मूळ फाइल डीमध्ये हलविणे म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत एकच राहते, फक्त तिचा पत्ता बदलतो.

प्रती अनेक असल्या तरी त्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर काय होते, हे २७ जून २०१७ रोजी नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरात दिसले. मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक नॉटपेट्या या हल्ल्यात बंद पडले. हा घातक प्रोग्रॅम संगणक सुरू होण्याच्या पहिल्या पायरीचाच ताबा घेई आणि डिस्कची नोंदवही कुलूपबंद करी. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात संगणकांची व वापरकर्त्यांची ओळख राखणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवीत असत. जोडलेले सर्व एकदमच गेले. वाचला तो फक्त घानामधील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती! त्याच्या आधारे कंपनीने पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. भारनियमनाचे असे उपकार विरळाच. ज्या कंपनीकडे पैसा आणि तज्ज्ञ यांची वाण नव्हती तिला एका योगायोगाने तारले. निदान एक प्रत संगणकापासून सुटी ठेवावी, या साध्या नियमाची किंमत यावरून कळते.

विंडोजच्या स्वतःच्या सोयी

दुरुस्ती करणाऱ्यावर सारा दोष टाकणे न्याय्य होणार नाही. त्याला ठराविक वेळात चालू संगणक परत द्यावयाचा असतो आणि फॉरमॅटने तो हमखास देता येतो. शिवाय विंडोजने दिलेल्या सोयींची नावेही फसवी आहेत. ‘सिस्टिम रिस्टोर’ ही २००० सालच्या विंडोज मी या आवृत्तीपासूनची सोय. ती कार्यप्रणालीला आधीच्या स्थितीत नेते. पण पुसलेली पत्रके परत आणीत नाही. तिचे नाव ऐकून सर्व काही परत येईल असे वाटते, ते खरे नव्हे. ‘रीसेट’ करताना ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला तरी बसविलेले प्रोग्रॅम जातात. या दोन्ही सोयी त्याच डिस्कवर राहतात. डिस्क गेली की त्याही गेल्या. एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. सी फॉरमॅट न करता विंडोज नव्याने बसविली, तर जुना पसारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहतो. दुकानात एवढी विनंती केली तरी पुष्कळ काही वाचू शकते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळांतील अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे कार्यप्रणाली बदलण्याचे प्रसंग आता वाढणार आहेत आणि अज्ञात पेनड्राइव्हवरून बिनपरवाना विंडोज टाकून घेण्याचा मोहही वाढणार आहे. त्या पेनड्राइव्हबरोबर आणखी काय आत येते, हे आपल्याला कळत नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग

बॅकअप घेतला आहे हे केवळ एक विधान आहे. विज्ञानात विधान तपासल्याशिवाय स्वीकारत नाहीत, तोच नियम येथे लावावा. एका पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घ्यावी. तिच्यावरून सुरू केलेला संगणक आतल्या डिस्कवर काही न लिहिताही चालतो. विंडोज सुरू होत नसली, तरी डिस्क शाबूत आणि कुलूप नसलेली असेल तर तिच्यातील फाइली अशा रीतीने बाहेरच्या डिस्कवर काढता येतात. विद्यार्थ्यांनी जुन्या संगणकावर दहा फाइली ठेवाव्यात. त्यांत एक जुन्या मराठी फॉन्टमधील असावी. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. मग संगणक गेला असे समजून त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर सारे उभे करावे. किती फाइली उघडल्या, किती वाचता आल्या आणि किती वेळ लागला, याचा तक्ता करावा. दहापैकी जितक्या फाइली वाचता आल्या, तितकाच आपला बॅकअप खरा.

हा प्रयोग वार्षिक परीक्षेच्या आधी करावा. १ मेच्या निकालपत्रकांचे काम सुरू होण्यापूर्वी शाळेचा स्वतःचा तक्ता हाती असेल, तर दुकानातल्या त्या ठरलेल्या प्रश्नाला ‘डीमध्ये’ यापेक्षा चांगले उत्तर देता येईल.