लघुप्रतिमांचे युद्धखेळ : इतिहास आणि अद्भुत

टेबलावर मांडलेल्या सैनिकांच्या लहान प्रतिमा, मोजपट्टी, फासे आणि नियमांचे एक पुस्तक, एवढ्या सामग्रीवर खेळला जाणारा युद्धखेळ हा इंग्लंड-अमेरिकेत चांगला रुजलेला छंद आहे. त्यात दोन पंथ मानले जातात. एक पंथ वॉटर्लूसारख्या घडलेल्या लढाया मांडतो. दुसरा ऑर्क, ठेंगू आणि जादूगार यांच्या कल्पित जगात रमतो. पहिल्यास दुसरा पोरकट वाटतो, दुसऱ्यास पहिला रुक्ष वाटतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास हा वाद अगदीच अपरिचित नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कादंबऱ्यांच्या निमित्ताने अद्भुतरम्य व ऐतिहासिक यांतील भेदाची चर्चा आपणही करीत आलो आहोत. परंतु विषयवस्तू खरी की कल्पित, हा नेहमीचा निकष या खेळांच्या बाबतीत अपुरा पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम या दोन पंथांचे नाते पाहू. एच. जी. वेल्सचे ‘लिटल वॉर्स’ (१९१३) हे या छंदाचे आद्य पुस्तक समजले जाते. त्यात तपशीलवार वर्णिलेली हुक्स फार्मची लढाई कोठेही झालेली नव्हती. पुढे गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ (१९७१) हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक निघाले आणि त्याच्या अखेरीस अद्भुत प्राण्यांची व जादूगारांची पुरवणी जोडलेली होती. त्या पुरवणीतील जादूगाराचा अग्निगोल मोठ्या क्षेपणयंत्राच्या माऱ्याइतका आणि विद्युत्पात अवजड तोफेच्या माऱ्याइतका धरला आहे. भाषेत नवा शब्द जुन्या प्रत्ययांनी सिद्ध व्हावा, तसे हे अद्भुत ऐतिहासिकाच्या साच्यातून सिद्ध झाले. ‘वॉरहॅमर’ (१९८३) या खेळाच्या कर्त्यांपैकी रिक प्रीस्टली यांनीच पुढे जर्विस जॉन्सन यांच्यासह ‘ब्लॅक पावडर’ (२००९) हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युद्धांचे नियम लिहिले. तेव्हा घडण एकच असेल, तर भेद कोठे आहे?

माझ्या मते तो नियमाच्या अर्थात आहे. ‘फ्रेंच रिसाला एका डावात इतके इंच जातो’ हा नियम वरवर आज्ञा दिसतो. वस्तुतः ते जगाविषयीचे विधान आहे. ते खोटे ठरू शकते. एखादे पत्र किंवा लष्करी दप्तरातील एखादा कागद त्याचे खंडन करू शकतो. ‘ऑर्क एका डावात इतके इंच जातो’ हे मात्र विधान नव्हे, व्याख्या आहे. तिला बाहेरचा साक्षीदार नसतो. ती इतर नियमांशी विसंगत असू शकेल, पण असत्य असू शकत नाही. म्हणून ऐतिहासिक खेळाचे खेळाडू एकमेकांना ग्रंथांचे दाखले देतात, आणि अद्भुत खेळाचे खेळाडू प्रकाशकाच्या नव्या आवृत्तीची वाट पाहतात.

या भेदाचा परिणाम २०१५ साली स्पष्ट दिसला. गेम्स वर्कशॉप या संस्थेने ‘वॉरहॅमर’चे जुने जग कथेतच नष्ट केले आणि त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आणला. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या जगाची सैन्ये रंगविली, त्यांना दाद मागण्यास जागा नव्हती. कारण त्या जगाचे सत्य संस्थेच्या मालकीचे होते. २०२४ मध्ये तेच जुने जग एका नव्या खेळाच्या रूपाने परत आले, तेही तिच्याच इच्छेने. वॉटर्लूची लढाई रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही प्रकाशकास नाही.

एवढ्यावरून ऐतिहासिक पंथाचे श्रेष्ठत्व सिद्ध होते काय? तसे म्हणता येत नाही. प्रत्येक तुकडीस गुणमूल्य देऊन दोन्ही सैन्ये समसमान करण्याची पद्धत या पंथातही बरीच रूढ आहे. परंतु १८ जून १८१५ रोजी दुपारनंतर ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य रणांगणाच्या कडेला आले आणि पारडे फिरले, हाच त्या दिवसाचा गाभा आहे. गुणांची तुल्यता साधली की तो गाभा गळतो. तो राखला, तर दुसरीच अडचण उभी राहते. प्रशियन येणार हे टेबलाशी बसलेल्या नेपोलियनला आधीच ठाऊक असते; खऱ्या नेपोलियनची त्या बाबतीत चूक झाली होती. गणवेशावरील गुंड्यांचा रंग अचूक, आणि सेनापतीचे अज्ञान मात्र हरवलेले, अशी ही सत्यनिष्ठा आहे. ज्या कल्पित लढाईचा शेवट कोणासच ठाऊक नाही, तिच्यात सेनापतीची ती अनिश्चित मनःस्थिती कदाचित अधिक खरी उतरते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या खेळांत एस. एस. तुकड्यांना अनेकदा वरचढ लढाऊ गुण दिलेले आढळतात. त्यांनी नागरिकांची जी कत्तल केली, तिच्यासाठी नियम नसतो. खेळात सर्वच आले पाहिजे असा आग्रह येथे नाही. परंतु जो नियम विधान असल्याचा मान घेतो, त्याला काय गाळले याचाही जाब द्यावा लागतो. ऑर्काच्या क्रौर्याने कोणाचा आजोबा मेलेला नाही; म्हणून अद्भुत खेळास ती मोकळीक आहे. ऐतिहासिक खेळास ती नाही.

तात्पर्य, इतिहास व अद्भुत यांची प्रतवारी लावण्यापेक्षा त्यांचे दायित्व वेगळे ओळखणे इष्ट होय. अद्भुत खेळाची कसोटी आंतरिक सुसंगती, आणि ऐतिहासिक खेळाची कसोटी पुराव्यापुढे वाकण्याची तयारी. जे ऐतिहासिक नियमपुस्तक आपली चूक दाखविली जाण्यास वाव ठेवत नाही, ते वेष इतिहासाचा घेऊन व्याख्याच सांगत असते. प्रामाणिकपणे कल्पित असलेल्या खेळाहून ते अधिक दिशाभूल करणारे आहे.