पंचविसावा गुरू

‘माय ऑक्टोपस टीचर’ या नावातला ‘टीचर’ मला पहिल्यापासून खटकतो. ऑक्टोपस कुणाला काही शिकवत नाही. तो शिकार करतो, लपतो, वर्ष-दीड वर्ष जगतो आणि मरतो. शिकतो तो माणूस. मग एका प्राण्याच्या अख्ख्या आयुष्याला आपल्या धड्याचं नाव कशाला द्यायचं? २०२० साली नेटफ्लिक्सवर आलेला आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळवलेला हा ८५ मिनिटांचा माहितीपट मला फार आवडतो. त्याच्याबद्दल माझी तक्रारही आहे. दोन्हींची मुळं या एका शब्दापाशी येतात.

गोष्ट साधी आहे. क्रेग फॉस्टर हा दक्षिण आफ्रिकेतला माहितीपटकार कामाने पार पिचून गेलाय. कॅमेऱ्याकडे बघायचीही त्याला इच्छा उरलेली नाही. तो केप टाउनजवळच्या फॉल्स बेमध्ये, केल्पच्या जंगलात रोज उतरायला लागतो. पाणी कधीकधी आठ-नऊ अंशांपर्यंत गार. वेटसूट नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. तिथे त्याला शिंपले अंगावर ओढून बसलेली एक मादी ऑक्टोपस दिसते आणि तो ठरवतो की आता रोज हिलाच भेटायचं.

केल्प म्हणजे प्रचंड वाढणारं तपकिरी शैवाल. खडकाला घट्ट धरून ते कित्येक मीटर वर चढतं आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पानं पसरतं. त्याला थंड पाणी लागतं, त्यामुळे आपल्या कोकण किनाऱ्यावर असलं जंगल दिसत नाही. पडद्यावर ते पहिल्यांदा बघताना कळतच नाही की आपण झाडांखाली आहोत की पाण्याखाली. वरून ऊन गाळून येतं आणि लाटेबरोबर सगळं जंगल एका बाजूला कलतं, मग दुसऱ्या. इथे फॉस्टरच्या श्वासाला चित्रपटात मोठं काम आहे. दम संपला की त्याला वर यावं लागतं, आणि खाली जे चाललं होतं ते त्याच्याविना चालू राहतं. आपल्याला त्या जगाचे तुकडेच मिळतात, आणि तुकडे मिळतात म्हणूनच आपण तिथे असल्यासारखं वाटतं.

बीबीसीच्या ‘ब्लू प्लॅनेट २’मध्ये (२०१७) याच जंगलातला शिंपले पांघरणारा ऑक्टोपस होता. तिथे ते काही मिनिटांचं नवल होतं, मग मालिका पुढच्या समुद्राकडे निघाली. पिपा अर्लिक आणि जेम्स रीड हे दिग्दर्शक मात्र आपल्याला त्याच बिळापाशी परत परत नेतात. एकदा फॉस्टरच्या हातून लेन्स पडते, ती घाबरून बीळ सोडून जाते, आणि तो खाल्लेल्या शिंपल्यांच्या कवचांवरून, वाळूतल्या खुणांवरून तिचा माग काढत राहतो. त्याने कलहारीतल्या सान शिकाऱ्यांवर ‘द ग्रेट डान्स’ (२०००) हा माहितीपट केला होता. जमिनीवर बघितलेली माग काढण्याची विद्या तो इथे पाण्याखाली नव्याने गिरवतो.

आता गुरूकडे येऊ. प्राण्याला गुरू मानणं मराठी वाचकाला नवं नाही. एकनाथी भागवतातला अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, समुद्र आहे, अजगर, मासा, भुंगा, कबुतर आहे. जाळ्यात सापडलेल्या पिलांच्या मायेने कबुतर स्वतः जाळ्यात जातं, आणि अवधूत त्यावरून शिकतो की फार गुंतू नये. फॉस्टरचा पंचविसावा गुरू नेमकं उलटं शिकवतो. माणसांपासून, मुलापासूनही तुटलेला हा माणूस एका मऊ, बिनहाडाच्या जिवात इतका गुंततो की त्यातूनच त्याला परत घरी यायची वाट सापडते. दोन्ही गोष्टींत एक साम्य मात्र आहे. गुरूला आपण गुरू असल्याचा पत्ता नसतो. कबुतर बिचारं जाळ्यात मरतं, धडा दुसऱ्याला मिळतो.

माझी तक्रार इथे सुरू होते. पायजमा शार्क तिचा एक हात तोडून नेतो. ऑक्टोपसचे सुमारे दोन-तृतीयांश चेतापेशी हातांत असतात. म्हणजे तिचा विचार करणारा अवयवच गेला म्हणा ना. ती बिळात फिकट पडून राहते आणि काही आठवड्यांनी तिथे इवलासा नवा हात फुटतो. मी थक्क होऊन बघत असतो, तेवढ्यात टेबलामागे बसलेला फॉस्टर सांगतो की ती यातून सावरली तसा मीही सावरत होतो. तिच्या हाताला आलेला कोंब क्षणात त्याच्या मनाचा दाखला होतो. असं वारंवार होतं. मन खचलं की निसर्गात जा, बरं वाटेल, हा सल्ला आपल्या फोनवर रोज येतो. समुद्र म्हणजे काही आपल्यासाठी उघडलेला दवाखाना नव्हे.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. चित्रपटभर वाटतं की तिथे फक्त ती आणि तो. पण दोघंही एकाच चौकटीत दिसतात, तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात असतो? श्रेयनामावलीत छायाचित्रणासाठी रॉजर हॉरक्स यांचं नाव आहे. मदत घेतली यात काही गैर नाही. ती झाकल्यामुळे मात्र एका नात्याची गोष्ट जरा जास्तच नितळ होते.

तरीही चित्रपट तरतो, कारण त्यातला प्राणी धड्यापेक्षा मोठा आहे. शार्क दुसऱ्यांदा मागे लागतो तेव्हा ती पाण्याबाहेर खडकावर चढते, परत उतरते, केल्पची पानं गुंडाळून घेते, दगड-शिंपल्यांचं चिलखत करते आणि शेवटी शार्कच्याच पाठीवर जाऊन बसते, जिथे त्याचे दात पोचत नाहीत. फॉस्टर मध्ये पडत नाही. पुढे अंडी घातल्यावर ती खंगत जाते आणि एक शार्क तिला उचलून नेतो, तेव्हाही नाही. प्रेम करूनही हात आखडता घेणं त्याला जमलं, आणि अवधूताला हे गुंतणंही बहुधा मान्य झालं असतं.

तुम्ही बघणार असाल तर अंधार करून, इअरफोन लावून, फोन आडवा धरून बघा. दीडपट वेगाने नको. आणि शार्कच्या पाठलागाचा तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा एकदा बघा. कुणी अर्थ सांगत नसताना ती काय काय करते, ते मोजा.